एकतर्फी सामन्याचा शेवट

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता भोर तालुक्यांत शिरला, कीं वरवे बुद्रुक हें गांव लागतें. त्याचें जोडगांव वरवे खुर्द. बुद्रुक आणि खुर्द हीं विशेषणें मूळचीं फारशी. बुद्रुक म्हणजे थोरलें आणि खुर्द म्हणजे धाकटें. महाराष्ट्रांत अशीं जोडगांवें शेंकड्यांनीं आढळतात. केव्हां तरी एक थोरलें ठरलें, दुसरें धाकटें ठरलें; पण म्हणून धाकट्या गांवाला स्वतःची जत्रा नाहीं, स्वतःचा आखाडा नाहीं किंवा स्वतःचा अभिमान नाहीं, असें मात्र कधीं झालें नाहीं. खेळाच्या मैदानावरहि हीच स्थिति असते. तेथेंहि कधीं एक पक्ष बुद्रुक असतो आणि दुसरा खुर्द. आणि दोहोंमधील अंतर फार वाढलें, म्हणजे ज्याला आपण एकतर्फी सामना म्हणतों तो घडतो.

एकतर्फी सामन्याविषयीं लोकांचें मत सहसा चांगलें नसतें. निकाल दिसूं लागला कीं प्रेक्षक घराची वाट धरतात, वर्तमानपत्रें दोन ओळींत बातमी आटोपतात, आणि जिंकणाऱ्याचें कौतुकहि हात राखूनच होतें. चुरस नाहीं तेथें पाहण्यासारखें काय आहे, असा हा विचार असतो. परंतु चुरशीच्या सामन्यांत जो प्रश्न कधीं उद्भवतच नाहीं, तो एकतर्फी सामन्यांत प्रत्येक खेळाडूपुढें उभा राहतो. निकाल तर ठरून गेला. आतां उरलेला खेळ कोणी, कसा आणि कोठवर खेळावयाचा? जिंकणाऱ्यानें हात आवरावा काय? हरणाऱ्यानें मैदान सोडावें काय? निरनिराळ्या खेळांनीं या प्रश्नांचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. तीं समजून घेण्यास दूरच्या स्कॉटलंडमधील एक आणि आपल्या पुण्यांतील दोन सामने पुरेसे आहेत.

आरंभ घरच्या खेळांपासून करणें बरें. मावळांतील गांवोगांवच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडूं लागते, मल्ल लांग चढवून उतरतात, आणि पंच सर्वांत आधीं एक काम करतात: ते जोड पाहतात. वय, वजन, अंगलट आणि मागील लौकिक यांचा अंदाज घेऊन, बरोबरीचे दोघे मिळाले तरच कुस्ती लावावयाची, अशी रीति आहे. म्हणजे लढत एकतर्फी होऊं नये याची काळजी लढतीच्या पूर्वींच घेतली जाते. तरीहि अंदाज चुकलाच, तर दुसरी सोय आहे. पाठ मातीला लागली कीं कुस्ती संपली. बलवान मल्लानें दुबळ्याला क्षणभरांत चीतपट केलें, तर तेवढ्यावर सारें मिटतें. एकदां चीत झालेल्याला पुन्हां पुन्हां पाडून त्याचा हिशेब ठेवण्याची चाल या फडांत नाहीं. येथें दोघांतील अंतर जितकें मोठें, तितका सामना आखूड.

हुतूतूंत याहून निराळी युक्ति आहे. एका पक्षाचे सारे गडी बाद झाले, कीं त्या पक्षावर लोण चढतो. पण लोण चढतांच बाद झालेले सर्व गडी पुन्हां जिवंत होऊन मैदानांत उतरतात. या पद्धतीचें संजीवनी हें नांवच बोलकें आहे. गुणांची पिछाडी अंगावर राहते, परंतु माणसांचें बळ पुन्हां सारखें होतें. दुबळ्या पक्षाची दैना होते, पण त्याचबरोबर त्याला नव्यानें उभें राहण्याची संधिहि मिळते.

इंग्रजांबरोबर आलेल्या दोन मोठ्या खेळांचा न्याय वेगळा आहे. फुटबॉलमध्यें गोल झाला म्हणून सामना संपत नाहीं, आणि दहा गोल झाले तरीहि संपत नाहीं. तेथें शेवट करतें घड्याळ. क्रिकेटमध्यें घड्याळाचा धाक त्या मानानें सैल. तेथें डावाचा शेवट बहुधा गडी बाद झाल्यानें होतो, आणि गडी बादच होत नसले, तर तो कर्णधाराच्या विचारावर येऊन ठेपतो. एका खेळाचा शेवट यंत्राच्या हातीं, दुसऱ्याचा पुष्कळसा माणसाच्या हातीं. एकतर्फी सामन्यांत या भेदाचा परिणाम फार स्पष्ट दिसतो.

प्रथम घड्याळाचा खेळ पाहूं. स्कॉटलंडमध्यें फुटबॉलची लीग १८९० सालीं सुरू झाली. लीग म्हणजे साखळीचे सामने. प्रत्येक संघानें दुसऱ्या प्रत्येक संघाशीं एकदां आपल्या मैदानावर आणि एकदां त्याच्या मैदानावर खेळावयाचें, आणि हंगामाच्या अखेरीस ज्याचे गुण अधिक तो विजेता. १९२७-२८ च्या हंगामांत पहिल्या वर्गांत २० संघ होते. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ३८ सामने आले. विजयाला २ गुण, बरोबरीला १. येथें जोड पाहणारे पंच नाहींत. प्रतिस्पर्धी थोरला असो वा धाकटा, यादींत ज्याचें नांव आलें त्याच्याशीं ठरल्या दिवशीं खेळलेंच पाहिजे. बुद्रुक आणि खुर्द यांची गांठ येथें नियमानेंच पडते.

त्यांतच १९२५ सालीं खेळाचा एक महत्त्वाचा नियम बदलला होता. चेंडू पुढें दिला जात असतां, तो घेणारा खेळाडू आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान ३ गडी असले पाहिजेत, नाहीं तर तो खेळाडू ऑफसाइड, असा जुना नियम होता. बचाव करणारे चतुर गडी एक पाऊल पुढें सरकून हल्लेखोरांना या जाळ्यांत सहज पकडीत, आणि गोल दुर्मिळ होत चालले होते. १९२५ मध्यें ३ च्या जागीं २ गडी पुरेसे ठरले. फरक एकाच आंकड्याचा. पण त्यामुळें आघाडीच्या खेळाडूंना रान मोकळें झालें. १९२७-२८ या एकाच हंगामांत इंग्लंडमध्यें एव्हर्टनच्या डिक्सी डीननें लीगमध्यें ६० गोल केले, आणि स्कॉटलंडच्या दुसऱ्या वर्गांत एअर युनायटेडच्या जिमी स्मिथनें ६६. नव्या नियमाची संवय होईपर्यंत बचावाची फळी वारंवार उघडी पडत होती, आणि दुबळ्या संघांना त्याची झळ अधिक लागली. एकतर्फी सामन्याचें कारण केवळ दुबळेपणांत शोधूं नये. कित्येकदां त्याचा कांहीं भाग नियमांतहि असतो.

१४ जानेवारी १९२८ रोजीं ग्लासगो शहरांत, सेल्टिकच्या मैदानावर, डनफर्मलिन ॲथलेटिकचा संघ खेळावयास आला. सेल्टिक हा त्या देशांतील दोन बलाढ्य संघांपैकीं एक; डनफर्मलिन हा फाइफ परगण्यांतील त्या मानानें लहान अशा शहराचा संघ. सामना सेल्टिकनें ९-० असा जिंकला, आणि त्या ९ गोलांपैकीं ८ एकट्या जिमी मॅकग्रोरीनें केले. स्कॉटलंडच्या सर्वोच्च वर्गाच्या लीग सामन्यांत एका खेळाडूनें याहून अधिक गोल करण्याचा प्रसंग पुढें आला नाहीं. मॅकग्रोरी उंचीनें बेताचा आणि अंगानें भरलेला होता. डोक्यानें चेंडू मारण्यांत त्याचा हातखंडा होता. सबंध कारकीर्दींत त्यानें ४०८ लीग सामन्यांत ४१० गोल केले, म्हणजे सामन्यामागें एकाहून किंचित् अधिकच पडला. तरीहि देशाच्या संघांत त्याला अवघे ७ सामने खेळावयास मिळाले, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां पहिला प्रश्न असा, कीं पांच-सहा गोल झाल्यावर सेल्टिकचा संघ कां थांबला नाहीं? ९-० च्या विजयाला गुण दोनच, आणि १-० च्या विजयालाहि दोनच. याच्या उत्तराचा एक भाग हिशेबाचा आहे. लीगच्या अखेरीस दोघांचे गुण सारखे झाले, तर केलेल्या गोलांना अंगावर झालेल्या गोलांनीं भागून सरासरी काढीत, आणि जिची सरासरी अधिक ती बाजू वर जाई. ही तरतूद कागदावरच राहिली नाहीं. १९५३ सालीं रेंजर्स आणि हिबर्नियन या संघांचे गुण समसमान झाले, आणि विजेतेपद सरासरीवर रेंजर्सकडे गेलें. जानेवारींत फुकट वाटणारा गोल वसंत ऋतूंत लाखमोलाचा ठरूं शके. उत्तराचा दुसरा भाग मनाचा आहे. हात राखून खेळणें ही वरवर दया वाटते. परंतु तुमच्याशीं मनापासून खेळण्याचें कारण नाहीं, असेंच त्यांतून प्रतिस्पर्ध्याला न बोलतां सांगितलें जातें. ९ गोलांचा पराभव माणूस विसरूं शकतो. आपल्याला गोल करूं दिला गेला, हें विसरणें त्याहून कठीण.

दुसरा प्रश्न डनफर्मलिनचा. फुटबॉलमध्यें गोल झाला कीं चेंडू मैदानाच्या मध्यावर येतो, आणि तेथून खेळ पुन्हां सुरू करण्याचा हक्क ज्याच्यावर गोल झाला त्या पक्षालाच मिळतो. हुतूतूच्या लोणाशीं या नियमाचें नातें जवळचें आहे; हरणाऱ्याला तो दर वेळीं नवा आरंभ देतो. गोलामागून गोल होत गेले, आणि दर वेळीं डनफर्मलिनच्या गड्यांना तोच चेंडू मध्यावर ठेवून पुन्हां आरंभ करावा लागला. ४५ मिनिटांचे दोन भाग पुरे झाल्याशिवाय पंचाची अखेरची शिट्टी होत नाहीं. ती होईपर्यंत तो संघ मैदानावर राहिला. त्या हंगामाच्या अखेरीस डनफर्मलिन तळाशीं राहून खालच्या वर्गांत गेला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दिवसाचें वर्णन मॅकग्रोरीच्या नांवानें होतें. परंतु मॅकग्रोरीचे ८ गोल मोजले गेले, याचें कारण समोरचे ११ गडी शेवटपर्यंत खेळत होते हें आहे.

आणि दैवाचे फेरे पाहा. तीनच महिन्यांनीं, एप्रिल १९२८ मध्यें, स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यांत रेंजर्सनें त्याच सेल्टिकला ४-० असें हरविलें. जो जानेवारींत बुद्रुक होता, तो एप्रिलांत खुर्द ठरला. पुढें १९६१ सालीं याच कपाच्या अंतिम सामन्यांत सेल्टिकसमोर डनफर्मलिन उभा राहिला. पहिला सामना बरोबरींत सुटला. तो पुन्हां खेळविण्यांत आला, आणि डनफर्मलिननें २-० असा विजय मिळवून आपल्या इतिहासांत प्रथमच हा कप जिंकला. त्या वेळीं सेल्टिकचा व्यवस्थापक होता जिमी मॅकग्रोरी. ८ गोल करणाऱ्या माणसाला ३३ वर्षांनीं ते गोल खाणाऱ्या संघाचा विजय जवळून पाहावा लागला.

हा झाला घड्याळाच्या हातीं असलेला शेवट. आतां माणसाच्या हातीं असलेला शेवट पाहावयाचा, आणि त्यासाठीं स्कॉटलंड सोडून पुण्यास यावयाचें.

क्रिकेटमध्यें एका पक्षाचे दहा गडी बाद झाले कीं त्याचा डाव संपतो. परंतु फलंदाज बादच होत नसले आणि धांवा भरपूर झाल्या असल्या, तर कर्णधार आपला डाव सोडूं शकतो. म्हणजे आपला डाव संपला असें जाहीर करून प्रतिपक्षाला खेळावयास बोलावूं शकतो. हा अधिकार खेळणाऱ्या पक्षाच्या कर्णधाराचा. क्षेत्ररक्षण करणाऱ्या पक्षाला तसा कोणताहि अधिकार नाहीं. त्याला डाव संपवावयाचा असेल, तर गडी बाद करणें हा एकच मार्ग मोकळा असतो. त्यानें खेळण्यासच नकार दिला, तर तो सामना हरला असें मानलें जातें.

१९४८ हें वर्ष संस्थानांच्या विलीनीकरणाचें. मार्च महिन्यांत भोरचें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तिकडे काठेवाडांतील संस्थानांचें एकीकरण होऊन सौराष्ट्र अस्तित्वांत आलें. राज्यें गेलीं, तरी रणजी करंडकाच्या यादींत काठेवाड हें नांव अद्याप होतें. डिसेंबर महिन्यांत काठेवाडचा संघ महाराष्ट्राशीं खेळण्यासाठीं पुण्यास आला. त्याचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. १६ डिसेंबरला पुणें क्लबच्या मैदानावर सामना सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धांवांत आटोपला, आणि महाराष्ट्र खेळावयास उतरला.

महाराष्ट्राच्या डावांत कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. चारच दिवसांपूर्वीं त्यांना २९ वें वर्ष पुरें झालें होतें. दुसऱ्या गड्यासाठीं त्यांनीं आणि भांडारकरांनीं मिळून ४५५ धांवा जोडल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें दुसऱ्या गड्याची इतकी मोठी भागीदारी तोंवर जगांत कोठेंहि झाली नव्हती; १९७४ सालीं इंग्लंडमध्यें जेमिसन आणि कन्हाय यांनीं ४६५ धांवा करीपर्यंत हा विक्रम टिकला. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. विजय मर्चंट यांनीं १९४३ सालीं महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ धांवा केल्या होत्या, आणि रणजी सामन्यांतील तो उच्चांक होता. निंबाळकरांनीं तोहि मागें टाकला. तिसऱ्या दिवशीं विश्रांतीची सुटी झाली तेव्हां महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धांवा झाल्या होत्या, आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ४९४ मिनिटें, म्हणजे सवाआठ तासांच्या आसपास, ते खेळत होते. ४९ चौकार आणि १ षटकार यांच्या २०२ धांवा वजा केल्या, तर उरलेल्या २४१ त्यांनीं पायांनीं धांवून काढल्या होत्या. हा हिशेब केला म्हणजे त्या खेळींतील श्रमाची कल्पना येते.

त्या काळीं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील जगाचा उच्चांक डॉन ब्रॅडमनच्या नांवावर होता. जानेवारी १९३० मध्यें सिडनी येथें क्वीन्सलंडविरुद्ध त्यानें नाबाद ४५२ धांवा केल्या होत्या. निंबाळकरांना त्याची बरोबरी करण्यास ९ आणि तो मागें टाकण्यास १० धांवा हव्या होत्या. परंतु सुटी संपल्यावर खेळ सुरू झालाच नाहीं. अशा विक्रमाशीं आपल्या संघाचें नांव जोडलें जाऊं नये म्हणून ठाकोरसाहेबांनीं पुढें खेळण्यास नकार दिला, असें सांगितलें जातें. केवळ दोन षटकें खेळूं द्या, मग डाव सोडतों, अशी महाराष्ट्राची विनंतिहि मान्य झाली नाहीं, असेंहि सांगतात. काठेवाडनें सामना सोडून दिला, आणि ४४३ हा आंकडा आहे तेथेंच थांबला.

न्याय करतांना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. काठेवाडच्या बाजूनें बोलण्यासारखें अगदींच नाहीं असें नाहीं. ५८८ धांवांची पिछाडी झाली होती. सामन्याच्या निकालाविषयीं कोणाच्याहि मनांत शंका उरली नव्हती. दिवसामागून दिवस चेंडूमागें धांवणाऱ्या गड्यांना वाटलें असेल, कीं आतां हा दोन संघांचा सामना राहिला नसून एका माणसाच्या आंकड्यांचा सोहळा झाला आहे, आणि त्यांत आपण केवळ निमित्तमात्र आहों. विजयासाठीं ८२६ धांवांची गरज नव्हती, आणि महाराष्ट्रानें डाव आधीं सोडला असता तर ही वेळच आली नसती, असाहि आक्षेप घेतां येईल. परंतु हे सारे आक्षेप मान्य केले, तरी एक गोष्ट उरतेच. विक्रम होऊं न देण्याचा सरळ मार्ग गोलंदाजांच्या हातांत होता. निंबाळकरांना बाद करावयाचें, एवढेंच त्यांना करावयाचें होतें. ४५१ वर त्यांचा त्रिफळा उडाला असता, तर काठेवाडचें नांव त्या दिवशीं मानानें घेतलें गेलें असतें. उलट, ज्या पुस्तकांत आपलें नांव येऊं नये म्हणून तो संघ निघून गेला, त्याच पुस्तकांत तें नांव निघून जाण्यामुळें कायमचें लिहिलें गेलें.

आणि तोटा कोणाचा झाला? महाराष्ट्राचा नाहीं, त्याला विजय मिळाला. काठेवाडचाहि फारसा नाहीं. तो हरणारच होता. तोटा झाला एकट्या निंबाळकरांचा, आणि या सगळ्या वादांत त्यांचा हात कोठेंच नव्हता. ब्रॅडमननें त्यांना पत्र पाठवून आपल्या खेळीपेक्षां त्यांची खेळी सरस असल्याचें कळविलें, असें सांगतात. पुढें १९५९ सालीं कराचींत हनिफ महंमद यांनीं ४९९ धांवा केल्या, आणि १९९४ सालीं ब्रायन लारानें नाबाद ५०१. निंबाळकर दहा धांवांनीं पुढें गेले असते, तर निदान दहा वर्षें जगाचा उच्चांक एका कोल्हापूरकराच्या नांवावर राहिला असता. मॅकग्रोरीप्रमाणेंच, किंबहुना त्याहून अधिक, दैवानें त्यांना हात आखडता दिला. भारतातर्फे एकहि अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाहीं. २००२ सालीं क्रिकेट नियामक मंडळानें कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, ९३ वर्षें पुरीं होण्यास एकच दिवस उरला असतां, त्यांचें निधन झालें. भारतीय खेळाडूची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वांत मोठी खेळी म्हणून ते ४४३ आजहि उभे आहेत.

गोष्ट येथेंच संपली असती, तर तिच्यांत हळहळीपलीकडे कांहीं उरलें नसतें. परंतु त्याच हंगामांत, तीनच महिन्यांनीं, पुण्यांतच या प्रश्नाचें दुसरें उत्तर मिळालें. मार्च १९४९ मध्यें उपांत्य सामन्यांत महाराष्ट्राची गांठ मुंबईशीं पडली. या वेळीं बुद्रुक होती मुंबई, आणि डिसेंबरांत ८२६ धांवा करणारा महाराष्ट्र खुर्द झाला होता. मुंबईनें पहिल्या डावांत ६५१ धांवा केल्या. महाराष्ट्राच्या ४०७ झाल्या. २४४ धांवांची आघाडी हातीं असतांहि मुंबई पुन्हां खेळली, आणि ८ गडी बाद ७१४ धांवांवर तिनें डाव सोडला. महाराष्ट्रापुढें विजयासाठीं ९५९ धांवा करण्याचें काम उरलें. असें काम जगांत कोणी कधीं पार पाडलें नव्हतें, आणि आजवरहि कोणी पाडलेलें नाहीं.

काठेवाडची जी स्थिति डिसेंबरांत होती, तीच आतां महाराष्ट्राची होती. विजयाची आशा नव्हती. प्रतिपक्ष थांबावयास तयार नव्हता. ऊन मार्चचें होतें. आम्हीं हरलों, घरीं जातों, असें म्हणण्यास हाच प्रसंग होता. परंतु महाराष्ट्राचा संघ मैदानावर उतरला, आणि त्या अशक्य डावांत त्यानें ६०४ धांवा केल्या. मधुसूदन रेगे यांनीं या सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं. चौथ्या डावांत ६०० च्या पुढें जाणें ही क्रिकेटच्या इतिहासांत अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला. पण चारहि डावांची बेरीज २,३७६ झाली, आणि प्रथम दर्जाच्या एका सामन्यांत याहून अधिक धांवा जगांत आजपर्यंत कोठेंहि झालेल्या नाहींत. या विक्रमांतील १,०११ धांवा हरलेल्या संघाच्या आहेत. डिसेंबरांतील विक्रम हरणाऱ्यानें मैदान सोडल्यामुळें अपुरा राहिला. मार्चमधील विक्रम हरणाऱ्यानें मैदान न सोडल्यामुळें पुरा झाला. त्याच शहरांत, एकाच हिवाळ्याच्या मागें-पुढें, हे दोन्ही धडे लिहिले गेले.

या तीन सामन्यांवरून एकतर्फी खेळाचा न्याय सांगणें अवघड नाहीं. जिंकणाऱ्याचें कर्तव्य असें, कीं त्यानें प्रतिस्पर्ध्याला हिणवूं नये, पण त्याच्यावर दयेचें सोंगहि आणूं नये. आणि शेवट आपल्या हातीं असेल, तर तो केव्हां करावा याचा विवेक ठेवावा. हरणाऱ्याचें कर्तव्य याहून कठीण आहे. सामना आपला एकट्याचा नसतो. समोरच्याचे श्रम, पाहणाऱ्यांचा वेळ आणि पुढें तो वाचणाऱ्यांची आठवण हीं सारीं त्यांत गुंतलेलीं असतात. आपण हरलों म्हणून आपला हक्क संपतो, पण आपलें काम संपत नाहीं. मध्यावर चेंडू पुन्हां ठेवावयाचा, पुढचा चेंडू नीट टाकावयाचा, आणि जमल्यास समोरच्याला बाद करावयाचें, एवढें काम शेवटच्या क्षणापर्यंत उरतेंच.

शहरांतील शाळांच्या मैदानांवर दर रविवारीं कोणती तरी मुलें ०-७ किंवा ०-८ अशीं मागें असतात, आणि कडेला उभ्या असलेल्या आईबापांना त्यांची कींव येते. आतां पुरे, चल घरीं, असें अशा वेळीं तोंडावर येतें. त्याऐवजीं मुलाला सामना पुरा करूं द्यावा, आणि मग त्याच्याबरोबर घरीं जावें. जत्रेंत पाठ लागलेला मल्ल अंगावरची माती झाडतो, जिंकणाऱ्याच्या हातांत हात देतो आणि पुढल्या वर्षाच्या तयारीला लागतो. बुद्रुक आणि खुर्द हीं विशेषणें गांवांना कायमचीं चिकटलीं आहेत. खेळाडूंना तीं फार दिवस चिकटत नाहींत.